पहिल्या सात ओळी

डॉक्टरीणबाईंनी गेटच्या लोखंडी किल्लीचं टोक दोन दगडांमधल्या फटीत घातलं आणि हलकेच वर उचललं. सिमेंटची हातभर लांब पट्टी पापडासारखी सुटून आली. जाडी इंचभरही नाही. खाली जुना चुना, भुसभुशीत आणि ओला. बाईंनी ती पट्टी माझ्या हातात दिली.

“हे काय आहे?”

“पॉइंटिंग आहे, दगडांमधल्या फटी भरलेलं,” मी म्हणालो.

“आमच्यात याला जखम न धुता टाके घालणं म्हणतात. वरून छान दिसतं, आत पू तसाच.”

मुलुंडच्या त्या प्रसूतिगृहाच्या आवारात त्या सकाळी आम्ही चौघं उभे होतो. डॉ. मालतीबाई, प्रसूतिगृहाच्या मालकीण. आमचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणत. काम केलेले गवंडी बाबल मेस्त्री. आणि मी, कामावरचा ओव्हरसियर. वय सव्वीस, नोकरीला पाच महिने झालेले. सहा महिने पुरे झाले की नोकरी पक्की होणार होती.

गेटपासून पोर्चपर्यंत साठ फुटांचा तो ड्राइव्ह-वे ठिकठिकाणी उखडला होता. काम पुरं होऊन दीड महिनाही झाला नव्हता. फक्त पोर्चलगतच्या पहिल्या सात ओळी जशाच्या तशा होत्या. बाईंनी तिथेही किल्ली लावून पाहिली. किल्ली घसरली.

“या सात ओळी कुणी केल्या? आणि बाकीच्या कुणी?” बाईंनी विचारलं.

या प्रश्नाला मी तेव्हा जे उत्तर दिलं ते खोटं होतं. ते उत्तर पुढे माझ्या आयुष्यभर उपयोगी पडलं. खरं काय झालं ते आता क्रमाने सांगतो.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. मुलुंडला तेव्हा झाडांचे सरळ रस्ते आणि बंगले होते. त्यातलाच एक बंगला घेऊन मालतीबाईंनी वरच्या मजल्यावर संसार आणि खाली दहा खाटांचं प्रसूतिगृह थाटलं होतं. बंगला जुना, पक्क्या बांधकामाचा. ड्राइव्ह-वेला काळ्या दगडाची फरसबंदी, पोर्चपासून गेटकडे उतरत गेलेली. दगड फूटभर लांब, नऊ इंच रुंद, आडव्या ओळींत बसवलेले. मोजून ऐंशी ओळी.

काळा दगड शंभर वर्षं झिजत नाही. झिजते ती दोन दगडांमधली दरज. तिच्यात भरलेला चुना पावसाने, उन्हाने, चाकांनी निघून जातो. मग दगड सुटा होतो आणि गाडी वर आली की डुगडुगतो. आपल्या अंगणात हे चाललं तर आपण पाय जपून टाकतो. पण इथे घोडागाडीतून, टॅक्सीतून कळा देणाऱ्या बायका यायच्या.

“बाईला माझ्या दारात गचके बसतात,” मालतीबाई नानांना म्हणाल्या होत्या. “एक तर गेटमध्येच बाळंत झाली. दगड उपटून डांबर घाला म्हणतात लोक. मला डांबर नको, उन्हात पायाला चिकटतं. हेच दगड घट्ट करून द्या.”

“होईल,” नाना म्हणाले.

“किती दिवस? मोठं गेट बंद ठेवलं तर पेशंट मागच्या गल्लीतून आणावे लागतील. तिथे उघडं गटार आहे.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी डिप्लोमा झालेला माणूस. मनातल्या मनात ओळींना दिवसांनी भागलं आणि म्हणालो, “आठ दिवसांत देतो.”

“नक्की?”

“नवव्या दिवशी टॅक्सी पोर्चमध्ये उभी असेल.”

बाई खूश झाल्या. नाना खूश झाले. खरं तर त्या क्षणी मी ‘मेस्त्रींना विचारून सांगतो’ असं म्हणायला हवं होतं. एवढ्या तीन शब्दांचं काम होतं. पण ओव्हरसियरने मेस्त्रीला विचारायचं, हे मला कमीपणाचं वाटलं.

बाबल मेस्त्री मालवणकडचे. तरुणपणी काही वर्षं गिरणीत काढून, तिथला कापूस छातीत नको म्हणून बापाच्या धंद्यात परत आलेले. वय पन्नाशीचं. काळे, काटकुळे, डोक्याला कायम पंचा. नानांकडे त्यांना बारा वर्षं झाली होती. उजव्या हाताची तर्जनी हीच त्यांची फूटपट्टी. दरज भरण्याआधी जुना माल खरवडून काढावा लागतो. तो पुरेसा निघाला की नाही हे बघायला मेस्त्री फटीत बोट घालत. बोटाची दोन पेरं आत गेली तर मान हलवत. नाही गेली तर बिगाऱ्याला म्हणत, “अजून उपास घडव तिका.” मी खिशात पोलादी फूटपट्टी घेऊन फिरायचो. एकदा गंमत म्हणून मेस्त्रींच्या बोटाची दोन पेरं मोजली. बरोबर दोन इंच भरली.

सोमवारी काम सुरू झालं. त्या दिवशी मी मुलुंडला नव्हतो. घाटकोपरला एका चाळीचा स्लॅब ओतायचा होता, म्हणून मी तिकडे गेलो होतो. हे नीट लक्षात ठेवा. सोमवारी मी नव्हतो.

मंगळवारी दहा वाजता मुलुंडला पोचलो तर पोर्चपासून सात ओळी पुऱ्या झालेल्या. आठवीत मेस्त्री उकिडवे बसून छिन्नीने खरवडत होते. बाजूला भिजवलेल्या चुन्याची दोन पिंपं. काम येणार हे कळल्यावर मेस्त्रींनी गोडाउनवर पंधरा दिवस आधीच कळीचा चुना भिजत घातला होता, त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळून माल तयार केला होता. भरलेल्या दरजांवर ओली गोणपाटं अंथरलेली. काम देखणं होतं यात शंका नाही. पण मी भागाकार केला. दिवसाला सात ओळी, म्हणजे ऐंशी ओळींना अकरा-बारा दिवस. वर चुना धरायला आणखी आठवडा.

“मेस्त्री, हे असं चाललं तर दिवाळी उजाडेल.”

“सायबानू, ह्या काम आठ दिसात होवचा नाय.”

“मी बाईंना शब्द दिलाय.”

“माका इचारून दिलात?” हे त्यांनी हसत विचारलं. पण दोन्ही बिगारी हसले आणि ते मला झोंबलं.

व्हरांड्यात प्रसूतिगृहाची आया सरूबाई तांदूळ निवडत बसलेली. तिनेही भर घातली. “मेस्त्री, तुमची दरज भरेपर्यंत आतलं पोर चालायला लागेल हो!”

“पोराक नऊ म्हयने लागतत ते चलतत,” मेस्त्री मान वर न करता म्हणाले. “माका वीस दिस दिल्यार काय बिघडता गे बाये?”

मी दोन हुकूम दिले. चुना बंद, पिंपं गोडाउनवर परत. घाटकोपरच्या कामावरच्या सिमेंटच्या गोणी उरल्या होत्या, त्या मागवल्या. आणि खरवडायचं ते दोन पेरं नाही, एकच. “एक इंच पुष्कळ झालं. वरून जड गाड्या थोड्याच जाणार आहेत?”

मेस्त्री उठून उभे राहिले. हात पंच्याला पुसले.

“तुमचा सिमीट वाईट नाय. पण खाली चुनो आसा. वरसून कडक, खालसून मऊ. चाक गेला काय उडतला. आणि एका पेराक दरज धरूची नाय.”

“पुस्तकात एक इंच चालतं असं दिलंय.”

“पुस्तक खयच्या रस्त्याचा?”

पुस्तकात भिंतीच्या दरजांबद्दल दिलं होतं. भिंतीवरून कुणी टॅक्सी चालवत नाही. हा फरक मला आज सांगता येतो. तेव्हा मी म्हणालो, “मेस्त्री, जबाबदारी माझी. तुम्ही करा.”

“उडला तर नाव माझा जातला,” ते म्हणाले.

“म्हटलं ना, जबाबदारी माझी.”

बुधवारी त्यांनी पुन्हा विषय काढला. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतर ते बोलले नाहीत. ज्या ओव्हरसियरचा हुकूम पटत नाही त्याचंही काम नीट करायचं, अशी त्यांची रीत होती. एका पेराच्या कामातही त्यांनी फट ब्रशने झाडली, पाणी मारलं, माल दाबून बसवला, रेघ सरळ ओढली. शनिवारपर्यंत उरलेल्या त्र्याहत्तर ओळी झाल्या. मंगळवारपासून शनिवारपर्यंत मी रोज तिथे होतो, दिवसभर, पोर्चच्या सावलीत खुर्ची टाकून. सरूबाई मला चहा आणून द्यायची. हेही लक्षात ठेवा.

शनिवारी संध्याकाळी मी साइट बुक भरलं. साइट बुक म्हणजे कामाची रोजनिशी. किती काम झालं, कसं झालं, ते ओव्हरसियरने इंग्रजीत लिहायचं आणि खाली आपली आणि मेस्त्रीची सही घ्यायची. नानांच्या टेंडरमध्ये दरजा दोन इंच खोल साफ करायचं कलम होतं. तेव्हा मी लिहिलं, सर्व दरजा दोन इंच खोल साफ केल्या. ‘सर्व’ या शब्दाखाली रेघही मारली.

मेस्त्रींना मराठी वाचता यायचं. गावाहून आलेली पत्रं ते इतरांनाही वाचून दाखवायचे. इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पेन हातात घेऊन विचारलं, “काय लिवलात?”

“काम झालं, एवढंच.”

त्यांनी सही केली. मोठ्या, सुट्या अक्षरांत, पूर्ण नाव. गावाच्या नावासकट.

आठव्या दिवशी गेट उघडलं. नवव्या दिवशी सकाळी एक टॅक्सी पोर्चमध्ये उभी राहिली. मालतीबाईंनी वरून हात हलवला. आठ दिवसांचं काम आठ दिवसांत. नाना माझी पाठ थोपटून म्हणाले, “दिघे, तुमच्यासारखा एक हवाच होता.”

मग काय झालं ते वर सांगितलंच आहे. वरचा सिमेंटचा थर कडक, खालचा जुना चुना मऊ. गाडीच्या वजनाने दगड केसभर खाली दबायचा आणि परत वर यायचा. चुना अशा वेळी दगडाबरोबर जरा सरकून घेतो. सिमेंट सरकत नाही, तडकतं. तडकलं की सरूबाई रोज सकाळी पोर्च धुवायची ते पाणी उतारावरून येऊन तड्यात शिरायचं. खाली चिखल. दोन इंच खोल असतं तर सिमेंटने कदाचित चार वर्षं काढली असती. पण इंचभराच्या पट्टीला धरायला काही नव्हतंच. एकेक पट्टी सुटत गेली.

एक घोडागाडी गेटजवळ अडकली. चाक सुट्या दगडात रुतलं. आतली बाई सुखरूप उतरली, पण घाबरून अर्धमेली झाली. मालतीबाईंनी नानांना बोलावून घेतलं.

तर त्या सकाळी, किल्ली हातात घेऊन, त्यांनी विचारलं, “या सात ओळी कुणी केल्या? आणि बाकीच्या कुणी?”

नानांनी साइट बुक उघडलं. वाचलं आणि मेस्त्रींकडे वळले.

“बाबल, इथे लिहिलंय सगळ्या दरजा दोन इंच साफ केल्या. खाली सही कुणाची?”

“माझीच आसा.”

“मग ही पट्टी एक इंचाची कशी?”

मेस्त्री माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. आता साहेब बोलतील, अशा नजरेने बघत होते. जबाबदारी माझी, असं मी दोनदा म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं.

“सायबांका इचारा,” ते म्हणाले.

नाना माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “पहिल्या दिवशी मी इथे जातीने उभा होतो, नाना. त्या सात ओळी बघा, कण हललेला नाही. दुसऱ्या दिवसापासून मला घाटकोपरला जावं लागलं. पुस्तकात लिहिलं ते मेस्त्रींनी सांगितलं तसं.”

बघा, किती सोपं होतं. दिवसांची नुसती अदलाबदल. सात ओळींचा पुरावा समोर होता, तो मेस्त्रींचा होता. मी तो उचलून आपल्या बाजूला ठेवला.

“सायबानू...” मेस्त्री एवढंच म्हणाले.

नाना चिडले. “काय सायबानू? साहेब खोटं बोलतात? की पुस्तकात खोटं लिहितात? सही वाचून केलीस की न वाचता?”

दोन बिगारी, सरूबाई, गेटवरचा गडी, सगळे बघत होते. बारा वर्षं मेस्त्री म्हणून मिरवलेल्या माणसाने सगळ्यांसमोर म्हणायचं, की मला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मी विश्वासाने सही केली? ते त्यांच्याने झालं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्यानेही झालं नसतं.

अजूनही वेळ होती. मी तोंड उघडलं आणि वेगळंच बोललो.

“जाऊ द्या नाना. वय झालंय मेस्त्रींचं. हात पूर्वीसारखा चालत नाही.”

दया दाखवल्यासारखं बोललो मी ते. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मालतीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. दिवस लपवणाऱ्या बाईकडे त्या कशा बघत असतील, तसं. पण आतून नर्सने हाक मारली, एक बाई अडली होती, आणि त्या गेल्या. जाता जाता नानांना म्हणाल्या, “या वेळी पंधरा दिवस घ्या, वीस घ्या. पुन्हा मला किल्ली लावायला लागू नये.”

वीस दिवस. मागितले असते तर पहिल्यांदाच मिळाले असते. हे ऐकून मेस्त्री हसले असं मला वाटलं. कदाचित हसले नसतील. त्यांनी आपली थापी, ओळंबा आणि छिन्न्या गोणपाटात गुंडाळल्या आणि नाना काही म्हणायच्या आत गेटबाहेर पडले. जाताना ते ड्राइव्ह-वेवरून गेले नाहीत. कडेच्या मातीतून गेले. दरजा सुटलेल्या असताना दगडावर वजन देऊ नये, हे ते बिगाऱ्यांना रोज सांगायचे.

काम पुन्हा झालं. मी जातीने करवून घेतलं, या वेळी खरोखर. त्र्याहत्तर ओळी पुन्हा खरवडल्या, दोन पेरं खोल. नवा गवंडी फूटपट्टी मागायला आला तर मी म्हणालो, “बोट घाला. दोन पेरं आत गेली पाहिजेत.” त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. गोडाउनवर मेस्त्रींची पिंपं तशीच होती. चुना जितका मुरतो तितका चांगला, आणि त्यांचा चांगला मुरला होता. तोच वापरला, कमी पडला तेवढा नवा केला. फट झाडायची, आदल्या संध्याकाळपासून भिजवायची, माल दोन थरांत दाबायचा, आठ दिवस गोणपाटं ओली ठेवायची, तोवर गाडी सोडायची नाही. यातली एकही गोष्ट मी डिप्लोमात शिकलो नव्हतो. मंगळवारी दहाच्या आत जे घडलं होतं ते सात ओळींत वाचून शिकलो.

सरूबाई गवंड्याला, बिगाऱ्यांना हातात चहा द्यायची. माझा कप पायरीवर ठेवायची आणि निघून जायची. मंगळवार ते शनिवार मी कुठल्या खुर्चीत बसलो होतो हे तिला माहीत होतं. तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मी तो चहा रोज प्यायलो.

त्या ड्राइव्ह-वेने माझं नाव केलं. मालतीबाईंनी ओळखीच्या लोकांना सांगितलं, नानांनी धंद्यातल्या लोकांना. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जुने बंगले, देवळांची आवारं, विहिरींचे कठडे, जिथे दगड आणि चुना असेल तिथे मला बोलावू लागले. पुढे मी स्वतःचा धंदा काढला. सिमेंटच्या काळात चुन्यातलं कळणारा माणूस म्हणून लोक मला ओळखायचे. काम चांगलंच केलं मी, हे बेधडक सांगतो. माझ्या हाताखाली भरलेली दरज पुन्हा उडाली नाही. पण शिकवणी कुणाची होती ते कधी सांगितलं नाही.

मेस्त्रींचं काय झालं? मुलुंड, भांडुप, घाटकोपर या पट्ट्यातले कंत्राटदार तेव्हा एकमेकांना ओळखायचे. कुणाला मेस्त्री हवा असला की नानांना विचारत. नाना म्हणत, “बाबल नको, लबाडी करतो.” नाना वाईट माणूस नव्हते. त्यांना जे सांगितलं गेलं होतं ते ते पुढे सांगत होते.

तीन-चार वर्षांनी चेंबूरला एका कॉलनीचं काम चाललं होतं, तिथे कुणाला तरी भेटायला गेलो होतो. परांचीवर विशी-पंचविशीतला एक गवंडी ओरडत होता, “ए म्हाताऱ्या, माल आण, माल!” आणि डोक्यावर घमेलं घेऊन बाबल मेस्त्री वर चढत होते. बिगारी म्हणून. त्यांनी घमेलं रिकामं केलं, खाली उतरले आणि मला पाहिलं. मी वळून जाऊ शकलो असतो. तिथेच उभा राहिलो, एवढंच.

“सायबानू, वळाखलात?”

“मेस्त्री.”

“बायेच्या दवाखान्यातले दरजा कशे आसत?”

मला वाटलं होतं ते काही विचारतील. हे विचारतील असं वाटलं नव्हतं.

“चांगल्या आहेत.”

“दोन पेरां घातलात?”

“हो.”

“चुनोच मा?”

“तुमचाच. पिंपातला.”

“मगे बरा झाला,” ते म्हणाले. “बायांका गचके बसत होते.”

वरून पुन्हा हाक आली. त्यांनी चुंबळ डोक्यावर नीट बसवली, घमेलं भरून घेतलं आणि शिडी चढले. मी खाली उभा होतो. नानांकडे जाऊन खरं सांगायला त्या दिवशीही वेळ होता. नानांचं ऑफिस घाटकोपरला होतं, तिथून फार लांब नव्हतं. मी घरी गेलो.

नाना गेले, मालतीबाई गेल्या. बंगला पाडून तिथे इमारत झाली. पाडणाऱ्याने मला सांगितलं, की दगड निघेनात, पहारी लावून एकेक काढावा लागला. मी मेस्त्रींच्या गावी दोन पत्रं टाकली. दुसऱ्या पत्राला पुतण्याचं उत्तर आलं. काका गावीच वारले, शेवटपर्यंत गावच्या देवळाची डागडुजी करत होते. काकांविषयी आपल्याला काय काम होतं, असंही त्याने विचारलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं दिलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या धंद्यातल्या लोकांनी बोरिवलीला माझा सत्कार केला. ओळख करून देणाऱ्याने मुलुंडच्या ड्राइव्ह-वेची गोष्ट सांगितली. दिघेसाहेब पहिल्या दिवशी उभे होते म्हणून सात ओळी टिकल्या, हे वाक्य त्याने जसंच्या तसं म्हटलं. टाळ्या पडल्या. मी हार घालून घेतला. ऐंशी पार केलेल्या माणसाला यापुढे नोकरी पक्की व्हायची वाट बघायची नसते. तेव्हा आता हे लिहितो आहे. याची एक प्रत त्या पुतण्याला जाईल.

नव्या ओव्हरसियर मंडळींना दोन गोष्टी सांगतो. दरज किती खोल साफ झाली ते स्वतः बोट घालून बघावं. आणि कुणाची सही घ्यायची असेल तर त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहावं.

साइट बुक आता कुठे असेल कुणास ठाऊक. दुरुस्त नोंद इथे करतो, मराठीत.

मुलुंड, प्रसूतिगृह, फरसबंदीच्या दरजा. पहिल्या सात ओळी दोन पेरं खोल, चुना आणि सुरखी, बाबल मेस्त्रींच्या मताप्रमाणे. ओव्हरसियर गैरहजर. उरलेल्या त्र्याहत्तर ओळी एक पेर खोल, सिमेंट, ओव्हरसियरच्या हुकमाप्रमाणे. मेस्त्रींनी दोनदा हरकत घेतली. ओव्हरसियर पाचही दिवस हजर.

या नोंदीला मेस्त्रींच्या सहीची गरज नाही. खाली सही माझी.